खालचा स्क्रू

आउटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाचा, जो भाग पाण्यात बुडालेला असतो, त्याच्या तळाशी, पंख्याच्या पुढच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढा एक स्क्रू असतो. डोक्यावर रुंद खाच, डोक्याखाली पातळ वॉशर. हा ड्रेन स्क्रू. दर शंभर तासांनी किंवा निदान वर्षातून एकदा तो काढायचा, आतलं जुनं गिअर ऑइल सोडून द्यायचं, नवं भरायचं आणि स्क्रू परत लावायचा. इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे सगळं चार-दोन ओळींत उरकलेलं असतं. स्क्रू जागचा हललाच नाही तर पुढे काय, हे मात्र पुस्तिका सांगत नाही. ते किनाऱ्यावरच्या मेस्त्रींनी पाहून घ्यायचं.

आत ज्याला आपण गिअरकेस म्हणतो, तिथे वरून येणारा उभा दांडा पंख्याच्या आडव्या दांड्याला फिरवतो. त्यासाठी तिरप्या दात्यांची तीन चाकं असतात: एक उभ्या दांड्याच्या टोकाला, एक पुढे जाण्यासाठी आणि एक मागे येण्यासाठी. ही चाकं आणि त्यांची बेअरिंगं कायम तेलात बुडालेली असतात. तेल फार नसतं, मध्यम आकाराच्या इंजिनात अर्ध्या लिटरच्या आतबाहेर. बाहेर सगळीकडे समुद्र, आत हे अर्धा लिटर तेल, आणि दोघांच्या मध्ये पंख्याच्या दांड्यावर बसवलेली रबरी सीलं. पाण्यात कुठेतरी तुटलेलं जाळं किंवा गरीचा तंगूस तरंगत असतो, तो पंख्यामागे गुंडाळला जातो, दांड्याबरोबर फिरत फिरत सीलपर्यंत पोचतो आणि सील कापतो. मग पाणी आत शिरतं. तेल दुधाळ होतं. इंजिन मात्र चालतच राहतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

थंड देशांत हिवाळ्यात हे पाणी गोठतं आणि फुगून गिअरकेसच तडकवतं. तिथल्या लोकांना त्यामुळे तेल बदलायची शिस्त आपोआप लागते. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, इंजिनं पडवीत टांगली जातात आणि आत शिरलेलं पाणी पावसाळाभर तळाशी बसून बेअरिंगच्या गोळ्या चाटत राहतं. नारळी पौर्णिमेनंतर इंजिन सुरू केलं की घरघर ऐकू येते. तोवर काम हजारांवर गेलेलं असतं.

म्हणून तो स्क्रू पावसाआधी काढायचा असतो. आणि नेमका तोच निघत नाही.

तो का निघत नाही, हे समजून घेण्यात मला त्या कामापेक्षाही जास्त मजा वाटते. गिअरकेस अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, स्क्रू बहुतेक वेळा स्टेनलेसचा. दोन निराळे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरी होते. पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, वीज वाहायला तेवढं पुरतं. या जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजणारा, स्टेनलेस टिकणारा. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. आट्यांच्या फटीत जागा आहेच कुठे? भुकटी आट्यांत ठासून बसते आणि स्क्रू चहूबाजूंनी आवळला जातो.

मग इंजिन बनवणारे एवढे हुशार असून असे दोन धातू एकत्र लावतातच का? मी बरीच वर्षं याला निष्काळजीपणा समजत होतो. पण यात हिशोब आहे. झिजणाऱ्या धातूचा पृष्ठभाग मोठा आणि टिकणाऱ्याचा लहान असेल, तर झीज मोठ्या भागावर पसरते आणि फार सावकाश होते. उलट केलं, म्हणजे मोठ्या पोलादी पत्र्याला अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट मारले, तर रिव्हेट बघता बघता विरघळतात. मोठ्या गिअरकेसमध्ये छोटा स्टेनलेस स्क्रू ही योजना गिअरकेसच्या आयुष्याच्या दृष्टीने ठीकच आहे. फक्त झालेली थोडी झीज नेमकी आट्यांत साठते आणि तिचं बिल स्क्रू काढणाऱ्याला भरावं लागतं. कारखान्यातल्या माणसाने स्वतः तो स्क्रू पाच हंगामांनंतर काढून पाहिला असता, तर पुस्तिकेत ग्रीसबद्दलची ओळ ठळक छापली गेली असती, असं माझं मत आहे.

या रोगाची पहिली नीट नोंद इंग्रजांच्या आरमारात सापडते. लाकडी जहाजाचा तळ किड्यांपासून आणि शिंपल्यांपासून वाचवायचा म्हणून १७६१ मध्ये त्यांनी 'अलार्म' नावाच्या लढाऊ जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, लोखंडी खिळ्यांनी. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं, १७६३ मध्ये तळ तपासला, तर तांबं शाबूत आणि खिळ्यांचा पार चिखल झालेला. काही थोडे खिळे मात्र ठणठणीत होते. का, म्हणून पाहिलं तर तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद घाईत तसाच राहून गेला होता. जिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये कागद, तिथे गंज नाही. व्होल्टाची बॅटरी यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती, त्यामुळे हे असं का झालं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. काय करायचं, ते कागदाने दाखवून दिलं होतं.

कच्छमधल्या मांडवीला आजही लाकडी गलबतं बांधतात. तिथले सुतार लांब लोखंडी खिळ्यांना तेलात भिजवलेला कापूस गुंडाळून मग ठोकतात. गळती थांबते आणि खिळाही टिकतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची जहाजं बांधली, त्यांच्याही टिकाऊपणात लाकडाचा हात होता. इंग्लंडच्या ओकमध्ये लोखंड खाणारं आम्ल असतं, सागाच्या तेलकटपणाने उलट लोखंड सांभाळलं जातं. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेलं 'त्रिंकोमाली' जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. दोन गोष्टींच्या मध्ये कापूस, कागद, तेल, काहीतरी हवं, एवढंच हे सगळे सुतार जाणून होते. ड्रेन स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावायचं ते यासाठीच, आणि थोडक्या पैशांचं ग्रीस वाचवणारे लोक ते लावत नाहीत.

जाता जाता आणखी एक. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांच्या तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण तांबं विरघळायचं थांबल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि तळावर शेवाळ-शिंपल्यांचं रान माजलं. जहाजं मंद झाली, योजना गुंडाळली गेली. तरी त्याची कल्पना आज आउटबोर्डवर जस्तासारख्या झिजणाऱ्या धातूच्या छोट्या ठोकळ्याच्या रूपाने बसलेली आहे. तो ठोकळा आधी झिजतो, म्हणून गिअरकेस वाचते. आमच्याकडे हंगामाआधी इंजिन देखणं दिसावं म्हणून त्या ठोकळ्यासकट सगळ्याला निळा रंग फासायची पद्धत आहे. रंगाखाली गेलेला ठोकळा निव्वळ ओझं असतो. त्याहून वाईट म्हणजे होडीच्या बुडाला लावायचा तांबेयुक्त रंग उरला म्हणून तो इंजिनाच्या पायालाही लावणारे. अ‍ॅल्युमिनियमवर तांबं म्हणजे रोगाला घरी बोलावणं.

देवबागला माझ्या मामेभावाची होडी आहे. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसरीकडे समुद्र, आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव. इथे दर दोन घरांमागे एक आउटबोर्ड टांगलेलं दिसतं. हवेतच एवढा खार की खिडकीच्या बिजागऱ्याही वर्षाला एकदा बदलाव्या लागतात. दादाच्या इंजिनाचा खालचा स्क्रू मेच्या शेवटच्या आठवड्यात निघेना. मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी चष्मा वर केला, स्क्रूच्या खाचेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "ह्येका आधी कोणी हात लावल्यान?"

दादा काही बोलला नाही. खाचेच्या कडा गोल झाल्या होत्या. कोणीतरी, बहुधा गेल्या हंगामात, घरात मिळाला तो अरुंद स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जोर केला होता. या स्क्रूची खाच रुंद आणि खोल असते. तिच्यात पूर्ण रुंदीचं, पूर्ण जाडीचं, टोकाला घासून सपाट केलेलं पातं बसलं पाहिजे. अरुंद पातं खाचेच्या मधोमध फिरतं, कडा चिरडतं, आणि निसटताना थोडी धातू घेऊन जातं. पहिला प्रयत्न चुकीच्या हत्याराने झाला की पुढच्या सगळ्यांची किंमत वाढते. मला वाटतं, स्क्रूला सगळ्यात जास्त त्रास खाऱ्या पाण्याचा होत नाही, माणसाच्या 'बघू जरा' म्हणण्याचा होतो.

मेस्त्रींनी आधी वरचा स्क्रू काढला, हवा जाण्याचा. तो निघाला. मग इंजिन आडवं करून त्या भोकातून जेवढं तेल येईल तेवढं पत्र्याच्या डब्यात काढलं. दुधाळ. म्हणजे पाणी होतंच. दादा म्हणाला, "मेस्त्रीनू, मगे वरसूनच भरूया ना. खालचो राहू दे." तसं करता येतं, नाही असं नाही. पण तेल वरून ओतलं की आतली हवा कोपऱ्यात अडकते. म्हणून पंपाने ते खालच्या भोकातून वर चढवायचं असतं, वरच्या भोकातून गळायला लागेपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालून पंप काढून चटकन खालचा. सील बदलायला मागची टोपी काढावी लागणारच होती, त्यामुळे उरलंसुरलं जुनं तेल तिथूनही निघालं असतं. पण भरायचं कुठून, आणि नवं सील धरतं आहे की नाही ते हवा भरून तपासायचं कुठून? शिवाय या स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी लगदा चिकटलेला दिसला तर ठीक, धातूचा तुकडा दिसला तर दात गेला. तो निरोप वाचायला स्क्रू बाहेर यावा लागतो.

गावातल्या एका पोराने बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड सुचवलं. त्याच्याकडे पाहून मेस्त्री नुसते हसले. अ‍ॅसिड स्क्रूच्या आधी गिअरकेसच खाईल. दुसऱ्याने फवाऱ्याचा निळा डबा आणला. डब्ल्यूडी-४०. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला पाणी हटवण्यासाठी केलेलं हे मिश्रण, नावातही तेच आहे. मेस्त्री म्हणाले, "तेल आत आसाच मां? भायरसून आनी कित्याक?" हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळ घोळवत होतो. स्क्रूचं आतलं टोक वर्षभर तेलातच होतं, तरी तो जाम झाला. आणि बाहेरून डोक्याखालचा वॉशर इतका दाबून बसलेला असतो की फवारा आट्यांपर्यंत पोचायला वाटच नसते. डब्यातला फवारा चांगलाच, पण तो इथे माणसाला काहीतरी केल्याचं समाधान देतो, बस.

पुढच्या पायऱ्या त्यांनी ज्या क्रमाने घेतल्या, तो क्रम मला फार आवडला. दरवेळी आधी ती गोष्ट करायची, जी फसली तरी पुढची वाट मोकळी राहील. हॅक्सॉच्या पात्याने खाच नव्याने कापून खोल केली. एवढ्याने काही बिघडत नाही. मग गिअरकेसखाली माडाचा ओंडका घट्ट लावला, कारण ओतीव अ‍ॅल्युमिनियम टांगलेल्या अवस्थेत मार खाऊ शकत नाही, तडकतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर काढला. जुन्या मोटरसायकलींच्या मेकॅनिककडे हा हमखास असतो: मागून हातोडीने ठोका मारला की पातं खाचेत आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं वळतं. दाब आणि वळण एकदम, म्हणून निसटत नाही. आधी त्यांनी तो उलटा लावला, स्क्रू आवळायच्या दिशेने. एक हलका ठोका. आवळताना जरी केसाएवढा हलला तरी आतली भुकटी चिरडते. मग सोडायच्या दिशेने. "जोर करू नको, आवाज आयक," ते दादाला सांगत होते. घट्ट स्क्रूचा आवाज टणक येतो, सुटायला लागलेल्याचा जरा बसका. आवाज टणकच राहिला.

मग उष्णता. लोणच्याच्या बरणीचं झाकण गरम पाण्याखाली धरतो, त्यातलंच हे तत्त्व. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, मीटरमागे दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन विरुद्ध १७. पण हिशोब करून पाहिला तर गंमत येते. स्क्रू १० मिलिमीटर जाडीचा धरला आणि शंभर अंशांनी तापवला, तरी फरक पडतो सहा मायक्रॉनचा. माणसाच्या केसाचा दहावा भागसुद्धा नाही. म्हणजे स्क्रू सैल होतो तो भोक मोठं झाल्यामुळे फारसा नाही; तापून-निवून दोन्ही धातू वेगवेगळे हलतात आणि मधली पांढरी भुकटी तडकते, त्यामुळे जास्त. म्हणूनच तापवून लगेच जोर करण्यापेक्षा तापवणं, निवू देणं, परत तापवणं हे उपयोगी. मर्यादा मात्र जवळ असते. थोडं जास्त झालं तर रंगाला फोड येतात आणि आतली रबरी सीलं कडक होतात. मेस्त्री हीट गन धरून दुसऱ्या हाताचं बोट केसला लावून बघत होते. बोट धरवेना की थांबायचं.

त्यानेही काही झालं नाही.

इथे बहुतेक जण ड्रिल उचलतात. मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर फिरवायचा, तो स्क्रूला पकडून बाहेर आणतो. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात तो एक्स्ट्रॅक्टर काचेसारखा कडक असतो. जाम झालेल्या स्क्रूमध्ये मोडला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही, आणि मग ती गिअरकेस मोठ्या वर्कशॉपात न्यावी लागते. मेस्त्रींच्या खोक्यात त्यांचा एक संच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. "फुटलो तर केस गेली," एवढंच.

त्यांनी दादाला वेल्डिंगवाल्याकडे पाठवलं. स्क्रूच्या डोक्यावर एक नट ठेवून तो मधून वेल्ड करायचा. अ‍ॅल्युमिनियमला ही वेल्डिंग चिकटत नाही, त्यामुळे आजूबाजूला ठिणगी पडली तरी केसला नट जोडला जायची भीती नसते. आणि नटाचा मोठा फायदा तो पकडायला मिळतो हा नाहीच. वेल्डिंगची सगळी आग थेट स्क्रूच्या पोटात जाते, स्क्रू फुगून भुकटीवर दाबतो, निवताना आकसतो, आणि मधला बंध तुटतो. मेस्त्रींनी अर्थिंगचा चिमटा स्वतः लावला, स्क्रूच्या अगदी शेजारी, रंग खरवडून. वेल्डिंगवाल्या पोराने तो पंख्याच्या दांड्याला लावायला घेतला होता. तसं केलं असतं तर वीज बेअरिंगमधून गेली असती आणि गोळ्यांवर खड्डे पडले असते. स्क्रू निघाला असता आणि ऑगस्टमध्ये बेअरिंग गेलं असतं. वरचं भोक उघडं ठेवलं होतं, वाफ जायला. शेजारी ओली गोणी आणि वाळूची बादली.

वेल्ड झाल्यावर कोणालाच हात लावू दिला नाही. नट लालसरचा काळा झाला, मग करडा. त्यांनी विडी ओढली. मग पाना लावला, आधी आवळायच्या दिशेने किंचित, मग सोडायच्या. पाव फेरा. परत मागे. अर्धा फेरा. कर्र असा कोरडा आवाज आला आणि आट्यांतून पांढरी पूड झडली. त्यांनी सलग फिरवून काढला नाही; पुढे-मागे करत काढला, कारण सुटलेली भुकटी आट्यांत पुन्हा अडकली तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून येतात. शेवटी स्क्रू हातात आला, आणि मागोमाग तळाशी साचलेलं पाणी, त्यानंतर थोडं राखाडी तेल. चुंबकावर नुसता लगदा होता, तुकडा नाही. दादाने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आटे बहुतेक शाबूत होते, बाहेरचे दोन थोडे खाल्लेले. तेही गेले असते तर भोक मोठं करून स्टेनलेस तारेची गुंडाळी, हेलिकॉइल, बसवता येते. ती नीट बसली तर मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असते. पण ड्रिलचा कीस आत पडू नये म्हणून ग्रीस लावून, थांबत थांबत करायचं ते काम. मेस्त्रींनी फक्त टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून आटे साफ केले आणि डिझेलने आतून धुतलं.

नवा स्क्रू कोणता लावायचा यावर दोघांचं वाजलं. दादाला पितळेचा हवा होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की पितळ जाम होत नाही. पण पितळही अ‍ॅल्युमिनियमच्या वरच्या पायरीवरचंच, झीज केसचीच होणार. आणि त्या पितळेच्या स्क्रूला चुंबक नव्हतं. मेस्त्रींनी मूळच्यासारखाच घेतला, नवा वॉशर, आट्यांना भरपूर जलरोधक ग्रीस. दादाने पाना मागितला तर दिला नाही. आवळला तोही रुंद पात्याने, मनगटाने, खांद्याने नव्हे. वर्षभर ज्या स्क्रूला वॉशर धरून ठेवतो, त्याला माणसाच्या ताकदीची गरज नसते, आणि पुढच्या मे महिन्यात तोच काढायचा असतो.

पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलेला तंगूस मागची टोपी काढल्यावर दिसला, हिरवट, वितळून एकजीव झालेला. सीलांचा जोड मालवणात मिळाला नाही, पणजीहून मागवावा लागला. तो येईपर्यंत पाऊस सुरू झाला होता, म्हणून गिअरकेस आत स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवली, आणि मामी रोज त्यावरून दादाला बोलत होती.